प्रदर्शनातील नौका

मुळशी तालुक्यातील जुन्या घराचे लाकडी दार वर्षातून दोन वेळा आपली वागणूक पालटते. श्रावणात, सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाची झड दिवसच्या दिवस उघडत नाही त्या काळात, ते फुगून चौकटीत असे बसते की खांदा लावल्यावाचून हलत नाही. तेच दार वैशाखात इतके आकसते की फटीतून अंगणातला उजेड घरात येतो. घरधन्याला यात नवल वाटत नाही, कारण त्याच्या बैलगाडीच्या चाकाची गतही तीच असते. उन्हाळ्यात चाकाचे लाकूड सुकले की त्यावरची लोखंडी धाव सैल होऊन वाजू लागते. मग गाडीवान चाके ओढ्याच्या पाण्यात ठेवून देतो, लाकूड पाणी पिऊन फुगते आणि धाव पुन्हा घट्ट बसते. झाड तोडले, तासले, रंगवले, तरी लाकडाचा पाण्याशी असलेला संबंध सुटत नाही. हा धडा खेड्यातील मुलालाही ठाऊक असतो. परंतु तोच धडा दृष्टीआड झाल्यामुळे जगातील एक विख्यात नौका, आणि तीही आपल्या मुंबईत बांधलेली, प्रदर्शनाच्या दालनात उभ्या उभ्या नाश पावण्याच्या बेतात आली होती. आपली नौका लोकांना दाखवू इच्छिणाऱ्या कोणत्याही मालकाने त्या नौकेची हकीगत समजून घ्यावी, अशी ती आहे.

मुळशी हे तसे डोंगरावरचे ठिकाण. समुद्राशी त्याचा संबंध काय, असे कोणी विचारील. परंतु ताम्हिणीचा घाट उतरला की कोकण लागते, आणि मुळशीचे पाणीही त्याच दिशेने जाते. ज्या धरणाविरुद्ध १९२१ साली सत्याग्रह सुरू झाला व पुढे सेनापती बापटांनी ज्या लढ्याचे नेतृत्व केले, त्या धरणात अडलेले पाणी घाटाखाली भिरा येथील वीजगृहात उतरते, तेथून कुंडलिका नदीच्या पात्राने वाहत जाऊन रेवदंड्याजवळ अरबी समुद्राला मिळते. घाटावरच्या शेतकऱ्याला लाकडाविषयी जे चाकावरून कळते, तेच त्या किनाऱ्यावरच्या कोळ्याला होडीवरून कळते.

पावसाळ्याच्या तोंडी मासेमारी थांबली की लहान होड्या वाळूवर ओढून घेतात. माडाच्या झापांनी त्या शाकारतात. कारण पावसाइतकेच मधूनमधून पडणारे कडक ऊनही उघड्या लाकडाला बाधते. त्या मुक्कामात डागडुजी होते, सांधे पाहिले जातात, रंग दिला जातो. मग नारळी पौर्णिमेला सजवलेल्या, पताका लावलेल्या होड्या गावासमोर येतात. कोणाची होडी कशी राखली आहे, कोणी कोठे नवी फळी घातली, कोणाचे रंगकाम नुसतेच वरवरचे आहे, हे त्या दिवशी साऱ्या गावाला दिसते. आपली स्वतःची नौका लोकांना दाखवण्याची ही आपल्याकडील जुनी रीत होय. तिचे वैशिष्ट्य असे की दाखवणे संपले की नौका समुद्रात जाते. समुद्राला नारळ वाहून झाल्यावर होडीची खरी परीक्षा सुरू होते, आणि ती पाहणाऱ्यांनाही ते ठाऊक असते.

पाश्चात्त्य देशांत या हौसेने निराळे रूप घेतले आहे. तेथे अनेक कुटुंबे आपल्या मालकीची शिडाची नौका बाळगतात. तिला यॉट म्हणतात. यॉटचेही प्रकार आहेत. काही केवळ शर्यतीच्या असतात. काहींत निजण्याची, रांधण्याची, पिण्याचे पाणी व शिधा साठवण्याची सोय असते, आणि त्या मालकाला आठवडेच्या आठवडे, प्रसंगी महासागर ओलांडूनही नेऊ शकतात. अशा प्रवासी नौकांचे मोठे मेळे भरतात. लंडन येथे १९५४ साली सुरू झालेला मेळा २०१८ पर्यंत भरत होता. जर्मनीत ड्युसेलडॉर्फ येथे १९६९ पासून भर हिवाळ्यात प्रदर्शन भरते. तेथे नौका बंद दालनांत लाकडी-लोखंडी घडवंच्यांवर चढवून ठेवतात. इंग्लंडात साउदॅम्प्टन येथील मेळ्यात मात्र कित्येक नौका तरंगत्या धक्क्याला बांधून पाण्यातच दाखवतात. दालन आणि पाणी हा भेद वरवर सोयीचा दिसतो; वस्तुतः तो फार खोल आहे.

अशा मेळ्यांत बहुतेक नौका विक्रेत्यांच्या आणि कोऱ्या असतात. जो मालक आपली वापरलेली, प्रवास केलेली नौका तेथे आणतो त्याची गोष्ट वेगळी. विक्रेत्याला चकाकी दाखवायची असते. मालकाला दाखवण्याजोगी गोष्ट म्हणजे समुद्राने त्या नौकेवर उमटवलेल्या खुणा. आता मुंबईच्या त्या नौकेकडे वळू.

तिचे नाव ‘सुहैली’. इराणच्या आखातातील अरब खलाशी आग्नेयेकडून येणाऱ्या वाऱ्याला या नावाने ओळखतात. ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या जहाजांवर नोकरी करणारा रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा तरुण इंग्रज अधिकारी मुंबईत असता त्याने व त्याच्या सोबत्यांनी स्वतःची नौका बांधून मायदेशी जायचा बेत केला. इंग्लंडातून त्यांनी एका नौकेचे नकाशे मागवले. आले ते दुसऱ्याच, जुन्या घडणीच्या नौकेचे. बदलून मागवण्यास सवड नव्हती, म्हणून तेच पत्करले. ती घडण अमेरिकन आराखडाकार विल्यम ॲटकिन याची होती, आणि तिचे मूळ नॉर्वेच्या वादळी किनाऱ्यावरील जीवरक्षक नौकांत होते. सुमारे बत्तीस फूट लांबी, अकरा फूट रुंदी, दोन डोलकाठ्या, आणि पुढे व मागे दोन्ही टोकांना निमुळता होत जाणारा देह, असे तिचे रूप.

१९६३ साली कुलाब्याच्या कारखान्यात तिचे काम सुरू झाले. लाकूड होते हिंदुस्थानी साग. सुतार होते मुंबईचे, आणि हत्यारे बव्हंशी हातची: फळी तासायला वाकस, भोक पाडायला दोरीने फिरवायचा सामता. अरबी समुद्रावरील गलबते ज्या हातांनी शतकानुशतके घडवली त्याच परंपरेतील हात नॉर्वेच्या घाटाची नौका घडवत होते. नारळ फोडून तिला पाण्यात सोडण्यात आले. १९६५ च्या डिसेंबरात ती मुंबईहून निघाली, अरबस्तान व आफ्रिकेचा किनारा धरून दक्षिणेस गेली, आणि केपटाउनहून लंडनपर्यंतचा प्रवास तिने कोठेही न थांबता चौऱ्याहत्तर दिवसांत केला.

एवढ्यावरही तिचे नाव राहिले असते. परंतु १४ जून १९६८ रोजी नॉक्स-जॉन्स्टन तिला घेऊन इंग्लंडातील फॅल्मथ बंदरातून एकटाच निघाला आणि कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून २२ एप्रिल १९६९ रोजी त्याच बंदरात परतला. असा प्रवास एकट्या मनुष्याने त्यापूर्वी कधीही पुरा केला नव्हता. त्या स्पर्धेत नऊ जण उतरले होते. शेवटास गेला तो हा एकच.

या प्रवासातील एक प्रसंग येथे मुद्दाम सांगितला पाहिजे, कारण पुढे जे घडले त्याचे बीज त्यात आहे. निघून थोडेच आठवडे झाले असता नौकेच्या पोटात पाणी येऊ लागले. मालकाने समुद्रात बुडी मारून पाहिले, तेव्हा तळाच्या कण्याजवळ दोन्ही बाजूंस फळ्यांमधील सांधा उघडलेला दिसला. फळ्यांच्या नौकेत प्रत्येक सांध्यात कापसाची वात ठोकून भरलेली असते; ती ओली होऊन फुगते, फळीही फुगते, आणि दोन्ही मिळून पाण्याची वाट बंद करतात. हीच वात सुटली होती. त्याने किलतानाच्या पट्टीवर कापूस बसवला, ती पट्टी पाण्याखाली श्वास रोखून तांब्याच्या खिळ्यांनी सांध्यावर ठोकली, व पुढे तीवर तांब्याचा पत्रा मारला. काम चालू असता एक शार्क भोवती फिरू लागला. त्याला बंदुकीने मारावे लागले. एवढ्या डागडुजीवर नौकेने उरलेले जग ओलांडले. पुढे दक्षिण महासागरातील वादळांत केबिनचे छप्पर जागचे हलले, पिण्याचे पाणी नासले, बिनतारी यंत्र बंद पडले, आपोआप सुकाणू धरणारे यंत्र मोडले. तरीही शिडे नीट जुळवली की ही लांब कण्याची नौका स्वतःच आपला मार्ग धरी, म्हणून एकट्या मनुष्याला झोप मिळू शकली. मुंबईच्या सुतारांच्या कामाला याहून मोठे प्रशस्तिपत्र मिळणे कठीण.

अशी नौका लोकांना पाहायला मिळावी ही इच्छा स्वाभाविकच होती. १९९७ साली ती लंडनजवळ ग्रीनिच येथील राष्ट्रीय सागरी संग्रहालयात ठेवण्यात आली. हेतू चांगला होता. छप्पर होते, पाऊस लागत नव्हता, वाऱ्याचा झोत नव्हता, दालनातील हवेचा ओलावा व उष्णता नियमित राखलेली होती. चित्रे, नकाशे, गणवेश यांना अशी हवा मानवते. नौकेला मात्र ती मानवली नाही. तिच्या फळ्या सुकून आकसू लागल्या.

यामागचे कारण थोडे तपशिलाने पाहण्यासारखे आहे. लाकडाच्या पेशींच्या भिंतींत पाणी मुरलेले असते. पाण्यात राहणाऱ्या फळीत हे पाणी भरपूर असते. कोरड्या दालनातील फळीत ते निम्म्याहूनही कमी होते. पेशींच्या भिंतींतले पाणी उडाले की त्या भिंती आकसतात, म्हणून फळी अरुंद होते. लांबीत हा फरक जवळजवळ पडत नाही. तो पडतो रुंदीत. साग हे त्यातल्या त्यात स्थिर लाकूड, म्हणूनच जहाजांना ते प्रिय. तरी सहा इंच रुंदीची ओली सागी फळी अशा हवेत सुकली तर ती साधारण दोन मिलिमीटरने अरुंद व्हायची. दोन मिलिमीटर म्हणजे काहीच नव्हे असे वाटेल. परंतु एखाद्या नौकेच्या एकेका बाजूस पंधरा फळ्या असल्या, तर हा फरक तीन सेंटिमीटरवर जातो. तो एका जागी दिसत नाही. प्रत्येक सांध्यात वाटला जातो. कापसाची वात सैल होते, वरचे लुकण सुटते, फळी ज्या बरगड्यांना ठोकलेली असते त्या तिला एका बाजूने धरून ठेवतात आणि सुकणारी फळी दुसऱ्या बाजूने ओढते. ताण असह्य झाला की फळी चिरते किंवा खिळ्याची पकड सुटते. अंगणातल्या दाराला वैशाखानंतर आषाढ भेटतो. दालनातील नौकेला तो भेटत नाही.

आकसण्याच्या जोडीला दुसरा एक शत्रू असतो, तो म्हणजे नौकेचे स्वतःचे वजन. पाण्यात असताना पाणी तिला खालून सर्वांगाने उचलून धरते. अंगाच्या प्रत्येक वितीला थोडा थोडा आधार मिळतो. जमिनीवर आणताच सारा भार तळाच्या कण्यावर आणि दोन्ही बाजूंस लावलेल्या मोजक्या टेकूंवर येतो. टेकू जेथे टेकतो तेथे अंग आत दबते. जेथे टेकू नाही तेथे ते ओघळते. काही दिवसांचा प्रश्न असेल तर मजबूत नौका हे सोसते. वर्षानुवर्षे तसेच ठेवले तर तिचा घाटच हळूहळू बदलतो, आणि बदललेला घाट पाण्यात परत टाकला म्हणून पूर्ववत होत नाही.

ग्रीनिचलाच याचे एक जुने उदाहरण लोकांच्या डोळ्यांसमोर होते. फ्रान्सिस चिचेस्टर या वृद्ध गृहस्थाने १९६६-६७ साली ‘जिप्सी मॉथ’ या नावाच्या आपल्या नौकेतून, वाटेत केवळ सिडनीला थांबून, एकट्याने जगप्रदक्षिणा केली. त्यानंतर ती नौका १९६८ पासून ग्रीनिच येथे उघड्यावर, कोरड्या जागी, लोकांना पाहण्यासाठी कायमची बसवण्यात आली. लोक तिच्यावर चढत, उतरत, आत डोकावत. पावलांनी तिचा माथा झिजला, पाऊस सांध्यांतून आत मुरला, लाकूड कुजू लागले, आणि शेवटी तिच्यावर लोकांना चढू देणे बंद करावे लागले. चिचेस्टर १९७२ मध्ये वारला होता. नौका पाहणारे लाखो होते. ती आपली आहे असे म्हणून तिला उचलून नेणारा कोणी नव्हता. २००४ साली एका नौकानयन-शिक्षणसंस्थेने ती एक पौंड व जिनचा एक पेला एवढ्या किमतीस घेतली, २००५ मध्ये तिची दुरुस्ती झाली, तेव्हा कोठे ती पुन्हा समुद्र पाहू शकली.

‘सुहैली’चे दैव निराळे ठरले, कारण तिचा मालक जिवंत होता आणि मालकच राहिला होता. तळाच्या कोणत्या सांध्याने कोठे दगा दिला होता हे त्याला हाताच्या स्पर्शाने ठाऊक होते. तिच्या फळ्यांचे काय होत आहे हे पाहून २००२ साली त्याने तिला संग्रहालयातून बाहेर काढले, डागडुजी केली, आणि पुढे ती कॉर्नवॉल परगण्यातील फॅल्मथच्या सागरी संग्रहालयाकडे नेली. ज्या बंदरातून ती निघाली व जेथे परतली, तेच हे बंदर. त्यानंतरही तिची डागडुजी होत राहिली आणि ती शिडे उभारून पाण्यावर फिरू लागली. २००५ च्या वाइट बेटाभोवतीच्या शर्यतीतही ती लोकांना दिसली. दालनात ती एक आठवण होऊन बसली होती; पाण्यावर ती पुन्हा नौका झाली.

येथे श्रोत्यांच्या मनात एक शंका येईल, आणि ती रास्त आहे. समुद्रावर नेलेली नौका बुडू शकते. दुरुस्त केलेली ‘जिप्सी मॉथ’ दुसऱ्या जगप्रदक्षिणेत असता २००६ साली प्रशांत महासागरातील रांगिरोआच्या प्रवाळ खडकांवर चढली व मोठ्या कष्टाने वाचली. मग इतिहासाचा ठेवा असा धोक्यात का घालावा? याला एकच सरसकट उत्तर नाही. कित्येक नौका इतक्या जीर्ण असतात की त्यांना छपराखालीच ठेवले पाहिजे. परंतु धोका केवळ समुद्रावरच असतो हा समज खोटा आहे. समुद्रावरचा धोका आवाज करून येतो, त्यामुळे मनुष्य सावध होतो. दालनातला धोका बिनआवाजी असल्यामुळे तो ध्यानात येईपर्यंत वर्षे गेलेली असतात. आणि दोहोंमध्ये एक मधला मार्ग आहे, तो म्हणजे नौका पाण्यात ठेवून दाखवणे.

या मार्गाचे उत्तम उदाहरणही मुंबईचेच आहे. वाडिया घराण्यातील जमशेटजी बमनजी यांच्या देखरेखीखाली मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘त्रिंकोमाली’ ही सागवानी युद्धनौका १८१७ साली पाण्यात उतरली. १८९७ साली ती मोडीत निघण्याच्या बेतात असता एका खाजगी गृहस्थाने विकत घेऊन वाचवली, व तिच्यावर अनेक वर्षे मुलांना नाविक शिक्षण मिळत राहिले. आज ती इंग्लंडातील हार्टलपूल येथे लोकांना पाहायला मिळते, आणि ती गोदीतल्या पाण्यावर तरंगत उभी आहे. दोनशे वर्षे उलटून गेलेल्या सागाला अजून पाणीच आधार देते.

आता ज्या मालकाला आपली प्रवासी नौका एखाद्या मेळ्यात ठेवायची आहे, त्याने यातून काय घ्यावे? पहिली गोष्ट जागेची. लाकडी नौकेला शक्य तर पाण्यातली जागाच मागावी. दालनातच ठेवणे भाग असेल तर मुदत थोडी असावी. उष्ण हवेचा झोत तिच्या अंगावर येऊ देऊ नये. रात्री तळाच्या भागावर ओले गोणपाट टाकावे. कण्याखाली सलग आधार द्यावा, आणि बाजूंचे टेकू बरगड्यांच्या नेमके समोर यावेत, दोन बरगड्यांमधील पोकळ फळीवर नव्हे. पाण्याच्या टाक्या, नांगर, साखळ्या हा भार आधीच उतरवावा. कारण जमिनीवर प्रत्येक मण टेकूच्या टोकाशी एकवटतो. मेळ्यानंतर नौका पाण्यात सोडली की पहिले काही तास, कधी काही दिवस, ती पाणी घेणारच. फळ्या फुगून सांधे मिटेपर्यंत तिच्यापाशी पंप व मनुष्य दोन्ही हजर पाहिजेत.

हल्लीच्या बऱ्याच नौका काचतंतूंच्या असतात. त्या सुकून आकसत नाहीत. म्हणून त्यांच्या मालकाने निर्धास्त राहावे असे नाही. टेकूचा दाब त्यांनाही बाधतो, कडक ऊन त्यांचा वरचा थर मारते, आणि त्यांच्या आतील लाकडी पडद्यांना दालनातील कोरडी हवा लागतेच.

दुसरी गोष्ट पाहुण्यांची. आपल्याकडे उंबऱ्याशी वहाणा काढण्याची चाल आहे. नौकेच्या माथ्याला तिच्याइतकी उपकारक दुसरी चाल नाही. ‘जिप्सी मॉथ’वर दिवसेंदिवस पडलेली पावले अनवाणी असती तर तिचे आयुष्य निश्चित वाढले असते. एका वेळी चार-पाचच माणसे आत घ्यावीत. बत्तीस फुटी नौकेच्या केबिनमध्ये त्याहून अधिक माणसे शिरली की कोणालाच काही दिसत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, व तीच बहुधा टाळली जाते. मालकाने नौकेचे दुखणे झाकू नये. मेळ्याच्या आदल्या आठवड्यात सारे रंगवून, चोपडून, कोरे दिसेल असे करण्याचा मोह प्रत्येकाला होतो. परंतु पाहुण्यांत असा एखादा तरुण असतो की जो पुढे स्वतः नौका घेणार आहे आणि आपल्या बायकामुलांना तीत बसवून किनारा दिसेनासा होईपर्यंत नेणार आहे. त्याला चकाकी पाहून काही कळत नाही. दुरुस्त केलेला सांधा, झिजलेली कप्पी, शीड कोठे घासून फाटते ते ठिकाण, केबिनमध्ये पाणी शिरले तेव्हा ते कोठून आले, पंप हाताला कसा लागतो, भर वाऱ्यात चूल कशी पेटते, हे त्याला दिसले पाहिजे. वापरलेले नकाशे व प्रवासाची रोजची नोंदवही मेजावर उघडी ठेवावी. ज्या दिवशी चूक झाली त्या दिवसाचे पान कोणी पाहू मागितले, तर तेही दाखवावे. ‘सुहैली’वर तांब्याचा पत्रा मारलेली जागा तिच्या साऱ्या मानचिन्हांहून अधिक शिकवून जाते.

आपल्याकडे या विद्येची परंपरा अलीकडे पुन्हा जागी झाली आहे. गोव्यात मांडवी नदीतील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेली ‘म्हादेई’ ही छप्पन्न फुटी नौका २००९ साली भारतीय नौदलाच्या ताब्यात आली. मांडवीलाच वरच्या अंगाला म्हादेई म्हणतात. ज्या पाण्यात नौका जन्मली त्याचेच नाव तिला मिळाले. त्याच वर्षी ऑगस्टात कमांडर दिलीप दोंदे तिला घेऊन मुंबईहून एकटेच निघाले आणि चार बंदरांत थांबून मे २०१० मध्ये परतले. एकट्याने जगप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. या कामी त्यांना ‘सुहैली’च्या मालकाचेच मार्गदर्शन लाभले होते. २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी त्याच नौकेतून न थांबता प्रदक्षिणा केली.

पुढे दांडेकरांच्याच कारखान्यात टॉमी यांच्यासाठी ‘सुहैली’च्या घाटाची प्रतिकृती तयार झाली, तिचे नाव ‘तुरिया’. पन्नास वर्षांपूर्वीच्या स्पर्धेच्या स्मरणार्थ योजलेल्या शर्यतीसाठी ती १ जुलै २०१८ रोजी फ्रान्समधील ले साब्ल दोलोन बंदरातून निघाली. निघण्यापूर्वी त्या बंदरात स्पर्धेच्या साऱ्या नौका धक्क्याला बांधलेल्या होत्या आणि लोक त्या पाहायला येत होते. सप्टेंबरात हिंदी महासागराच्या दक्षिण भागात वादळाने तिला उलटी केली, डोलकाठी मोडली, टॉमी यांच्या पाठीच्या कण्याला जबर दुखापत झाली. तिसऱ्या दिवशी एका फ्रेंच जहाजाने त्यांना वाचवले, पण नौका तेथेच सोडून द्यावी लागली. धक्क्यावर उभे राहून ज्यांनी ती नौका पाहिली होती, त्यांनी तिच्या दोरखंडांकडे, डोलकाठीकडे, केबिनच्या चिंचोळ्या दाराकडे जे निरखून पाहिले असेल, ते नंतर त्यांना किती निराळे भासले असेल! टॉमी मात्र बरे होऊन २०२२ साली त्याच शर्यतीत दुसऱ्या नौकेने पुन्हा उतरले आणि २०२३ मध्ये दुसऱ्या क्रमांकाने परतले.

नौका दाखवणे ही गोष्ट घर, चित्र वा दागिना दाखवण्यासारखी नाही, ती यामुळे. मालकाने जिच्यावर आपला जीव सोपवला होता व पुन्हा सोपवणार आहे, ती वस्तू तो परक्यांच्या डोळ्यांपुढे ठेवतो. आणि परक्यांपैकी कोणी त्याच्या शब्दावर विसंबून उद्या स्वतःचा जीव तशाच फळ्यांवर सोपवतो. म्हणून मेळ्यात नौका आणणाऱ्याला विचारण्याजोगा प्रश्न तिच्या किमतीचा किंवा रंगाचा नसून, ती येथून कोठे जाणार हा आहे. ज्याच्यापाशी या प्रश्नाला उत्तर तयार असते, त्याच्या नौकेवर वहाणा काढून खुशाल चढावे आणि तिचे सांधे निवांत पाहावेत.